कॉफी भाजायचा तास

आमच्या घरी कॉफी भाजतात. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी "वा!" म्हणतात आणि मग माझा चेहरा बघून विषय बदलतात. भाजणारी मी नव्हे, माझा नवरा. चारचौघांत मी त्यांना आयुष्यभर 'अहो' आणि 'हे' असंच म्हणत आले, तेव्हा इथेही तेच चालवून घ्या. आमचे हे कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर लोक हास्यक्लबात जातात, ज्येष्ठ नागरिक संघात भाषणं ऐकतात, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगवरून भांडतात. यांनी एस्प्रेसोचं मशीन आणलं. मी म्हटलं, बाई-बाटलीपेक्षा परवडलं.

मशीन ओट्यावर बसलं आणि माझा मिक्सर कपाटात गेला. पहिले काही महिने घरात दळण आणि दाब याशिवाय विषय नव्हता. पूड फार बारीक झाली की कॉफी थेंबथेंब गळते आणि कडू होते, जाड राहिली की भसाभस वाहते आणि आंबट होते. दांड्याच्या वाटीत पूड भरायची, वरून दाबायची, तीही अशी सपाट की पाण्याला एका बाजूने पळून जाता येऊ नये. एवढा सगळा खटाटोप करून शेवटी हाती काय, तर देवघरातल्या पंचपात्रात मावेल एवढी कॉफी. मी चहाची बाई. पण रोज सकाळी ती इवलीशी कपबशी माझ्यासमोर यायची आणि हे शेजारी उभे राहायचे, निकाल ऐकायला आल्यासारखे. मी "छान" म्हणायचे. आम्ही पुण्याची माणसं फुकट कुणाला 'छान' म्हणत नाही, त्यामुळे त्यांना ते खरं वाटायचं.

पुढे दुकानातल्या भाजलेल्या बियांवरून त्यांचं मन उडालं. त्या शिळ्या असतात म्हणे. मग कर्नाटकातून कच्च्या बियांची पाकिटं यायला लागली. सुरुवातीला माझ्या लोखंडी कढईचा बळी गेला. नंतर त्यांनी ओळखीच्या एका वर्कशॉपमधून जाळीचं छोटं पिंप करून आणलं. ते गॅसवर आडवं बसतं आणि बाजूला फिरवायचा दांडा असतो. आत मूठभर बिया घालायच्या, आच मंद ठेवायची आणि फिरवत राहायचं. बिया आधी पिवळ्या, मग तपकिरी होतात आणि मग लाह्यांसारख्या तडतडतात. ती पहिली तडतड. तिच्यानंतर थोडा वेळ शांतता, आणि मग दुसरी, बारीक, चुरचुरणारी. दुसरी सुरू व्हायच्या आत उतरवायचं, नाहीतर कोळसा. मधल्या काळात घरभर धूर आणि पंख्याच्या वाऱ्यावर उडणारी फोलपटं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा लिफ्टमध्ये विचारलं, "तुमच्याकडे नेमकं काय जाळतात हो?" मी म्हटलं, "पेन्शन."

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी आम्ही दोघांनीही ते पाहिलं नाही असं केलं. मग पाहिल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी हाताची बोटं उघडमीट करायला लावली, चालून दाखवायला सांगितलं आणि पार्किन्सन म्हणून सांगितलं. बरा होत नाही, पण गोळ्यांनी आवरता येतो, असं म्हणाले. आवरता येतो म्हणजे कोणी आवरायचा, ते बोलले नाहीत. ते मला पुढे कळलं. शर्टाची बटणं माझ्याकडे आली. मग दाढी. मग गोळ्यांच्या वेळा, आंघोळीचं स्टूल, रात्री कूस बदलायला मदत. कॉफीचंही तसंच झालं. आधी दळणं माझ्याकडे आलं, मग पूड दाबणं, मग कप उचलून टेबलावर आणणं. त्यांच्या हातात एवढं एकच उरलं, भाजणं.

भाजायला ते ओट्याशी स्टुलावर बसत. गंमत म्हणजे दांडा धरला की थरथर जरा कमी व्हायची. आमची मुलगी बंगळुरूला असते. ती एकदा म्हणाली, बाबा, त्याला छोटी मोटर बसवून घ्या ना. हे म्हणाले, "माझा हात फुकट हलतोय तो आधी वापरू दे, मग मोटर." मुलगी हसली, मीही हसले, आणि मग हसलो याचाच मला दिवसभर राग येत राहिला.

आता माझ्या तासाबद्दल सांगते. पिंपात मूठभरच बिया मावत, त्यामुळे एक दिवसाआड दुपारी भाजणं असायचं. त्यात त्यांचं सगळं चित्त लागलेलं असायचं. त्या वेळात त्यांना पाणी नको असायचं, उशी नको असायची, मी नको असायचे. मी पिशवी घेऊन बाहेर पडायचे. कर्वेनगरात भाजीवाल्यांना तोटा नाही, आमच्या फाटकाबाहेरच दोन गाड्या उभ्या असतात. तरी मी पार कॉलेजच्या पलीकडे चालत जायचे, आणि येताना बसस्टॉपच्या बाकावर नुसती बसायचे. बस आली की लोक चढायचे, मी बसलेलीच. एका कोथिंबिरीच्या जुडीला एवढा वेळ कसा लागतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तो तास नसता तर मी या माणसाचा तिरस्कार केला असता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

गेल्या दिवाळीपासून कॉफीची चव बदलली. बिया काळ्याकुट्ट, तेलकट दिसायच्या आणि कॉफी कडूजहर लागायची. मला वाटलं, हीच आता नवी पद्धत असेल. कारण हे कप नाकाशी धरून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आज संत्र्याची साल आलीय बघ. आणि मागून किंचित गूळ." मीही नाक खुपसायचे. मला जळक्या लाकडाशिवाय काही यायचं नाही. माझंच नाक अडाणी, असं म्हणून मी सोडून द्यायचे. आणि "छान" म्हणायचे.

या श्रावणात माझ्या भाचीने साताऱ्याला नवं घर बांधलं. वास्तुशांतीला ये म्हणून बहिणीने फोनवर फोन केले. कितीतरी दिवसांत मी गावाबाहेर पडले नव्हते. यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, सदाशिव पेठेत राहते. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही बिनघोर जा. मी येऊन राहते. दादाला काय मी आज ओळखते?" नणंद तशी मायाळू आहे, फक्त तिची माया तोंडावाटे बाहेर येते आणि सोबत सूचना घेऊन येते. मी गोळ्यांचं सगळं समजावून सांगितलं. ती मान डोलावत माझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या न्याहाळत होती.

मी दोन रात्री राहून परत निघाले. माझी बस स्वारगेटला पोचायच्या आधीच नणंद घरी गेली होती. तिची डोळे तपासायची वेळ ठरलेली होती, आणि दुपारचा थोडा वेळ एकटा राहीन, असं हे म्हणाले होते. स्वारगेटला उतरले, रिक्षावाल्याशी घासाघीस करायचंही त्राण नव्हतं. तो म्हणेल ते दिले. साताऱ्याला सगळ्यांनी माझं इतकं कौतुक केलं होतं, किती करतेस गं, किती करतेस, की त्या कौतुकानेच मी अर्धी झाले होते.

दार उघडलं आणि मला ओकारी आली. वास असा की आत कुठेतरी उंदीर मरून पडलाय, आणि त्यावर कोणीतरी आंबलेलं ताक ओतलंय. हे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर कॉफीचा कप होता. कपाच्या शेजारी माझा स्टीलचा डबा होता, झाकण उघडं, आत फडक्याची पुरचुंडी. वास त्यातूनच येत होता. त्यांचं नाक त्या डब्यापासून वीतभर असेल.

"आलीस? बसायला जागा मिळाली ना?" ते म्हणाले.

"अहो, हा वास कसला?"

"कॉफीचा. ती जायच्या आधी तिच्याकडून पूड दाबून घेतली होती. आज जमलीय. बदाम आहे बघ मागून."

मी ओढणी नाकाला लावलेली. "या डब्यात काय आहे?"

"वाल. तू दमून येणार म्हणून तुझ्यासाठी डाळिंब्यांची उसळ करून ठेवायची होती तिला. भिजवून, बांधून ठेवले. पण मोडच येईनात. जाताना मला सांगून गेली, दादा, मधूनमधून बघत जा. मी दोनदा उघडून बघितलं. पुरचुंडी आहे तशीच आहे."

"आणि वास नाही आला?"

"कशाचा?"

मी श्वास रोखून पुरचुंडी सोडली. आत फुगलेल्या, बुळबुळीत झालेल्या कॉफीच्या बिया होत्या. मलबारच्या त्या बिया पावसाळी वाऱ्यावर मुद्दाम फुगवतात, त्या हिरव्या राहत नाहीत, वालासारख्या पिवळट पांढऱ्या होतात. यांना वरच्या फळीवर हात पुरत नाही म्हणून ती बरणी मीच डाळींच्या रांगेत आणून ठेवली होती. नणंदेने चष्मा न लावता वाल म्हणून त्या भिजवल्या. पुण्यातली कुठलीही सुगरण हेच करती. डाळिंब्या सोलण्याइतकं कष्टाचं काम माझ्यावरच्या प्रेमापोटी अंगावर घेतलंन, आणि कॉफीला मोड यायची वाट बघत बसली.

"अगं, या माझ्या मलबारच्या बिया!" हे कळवळून म्हणाले. पहिल्यांदा त्यांना बियांचंच वाईट वाटलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओढणीने झाकलेलं माझं नाक पाहिलं, डब्याकडे पाहिलं. डबा हळूच पुढे ओढून त्यांनी त्यावर तोंड वाकवलं आणि मोठा श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. मला तो डबा खेचून घ्यावासा वाटत होता, पण मी उभीच राहिले.

"काहीच येत नाही?" मी विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

माझं मलाच कळेना, मला आधी राग आला. वाईट नंतर वाटलं. "मग इतके दिवस संत्र्याची साल काय, गूळ काय, बदाम काय? कुठून येत होतं हे सगळं?"

"पाकिटावर लिहिलेलं असतं," ते म्हणाले.

मी डबा उचलला, सगळं पिशवीत बांधलं आणि खाली कचऱ्यात टाकून आले. येते तोवर नणंदेचा फोन. "काय वहिनी, आले का मोड?" मी म्हटलं, कॉफी होती ती. मग ती म्हणाली, "अगबाई! मग बरणीवर नाव लिहून ठेवायला काय झालं होतं?" सदाशिव पेठेत चूक कधीच आपली नसते. मी फोन ठेवला, खिडक्या उघडल्या आणि उदबत्त्या लावत सुटले. हे टेबलाशी तसेच बसले होते. माझी उदबत्त्यांची धावपळ ते नुसते बघत होते, आवाज बंद केलेला टीव्ही बघावा तसे.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. या आजारात वास जातो, म्हणाले, पुष्कळदा हात थरथरायच्याही आधी जायला लागतो, हळूहळू जातो म्हणून माणसाच्या लक्षात येत नाही. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "गॅसपाशी एकटे नसतात ना हे?"

गॅस गळत असता, पंचा पेटला असता, काहीही झालं असतं, आणि मी बसस्टॉपवर बसलेली. एक दिवसाआड मी त्यांना तिथे सोडून जात होते.

मुलीला फोनवर सांगावंच लागलं. ती म्हणाली, "आई, हे अजिबात सेफ नाहीये. रोस्टिंग बंद. मी रोस्टेड बीन्स ऑर्डर करते, दर महिन्याला घरी येतील. बाबांना दुसरं काहीतरी शोधू ना." दुसरं काहीतरी म्हणजे काय, हे मुलांना विचारू नये. त्यांच्याकडे त्याचं ॲप असतं.

पण बंद करायला कोणाला सांगावं लागलंच नाही. यांनी स्वतःच पिंप पुसलं, जुन्या पंच्यात गुंडाळलं आणि मला म्हणाले, वर ठेव. मी म्हटलं, राहू द्या ओट्यावर. तर म्हणाले, "नुसता धूरच करायचा तर त्यापेक्षा धुनी पेटवून बसतो." मी वर ठेवलं. मशीनवर झाकण घातलं. मला माझा मिक्सर परत मिळाला आणि सकाळचा चहाही, मोठा कप, आलं घातलेला. चांगला लागायचा. खोटं कशाला बोलू.

हे मात्र दाराकडे तोंड करून बसायला लागले. पेपर उघडायचे आणि त्याच पानावर असायचे. मी चपला घातल्या की विचारायचे, "कुठे निघालीस?" "भाजी आणते." "किती वेळ?" आधी कधी विचारलं नव्हतं. मी फाटकाबाहेरच्या गाडीवरून पाच मिनिटांत काहीतरी उचलून आणायचे. वरती आले की ते तसेच, दाराकडे बघत. चालणं कमी झालं, बोलणं कमी झालं. हात हलत असायचा मांडीवर, कशालाही न धरता. मला त्यांची दया यायची आणि वीटही यायचा. एकाच माणसाबद्दल दोन्ही एकाच वेळी वाटतं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. कॉफी होती तोवर निदान दिवसातला थोडा वेळ घरात एक इंजिनिअर होता. आता फक्त पेशंट होता, आणि मी.

संकष्टी होती. खिचडीसाठी मी दाणे भाजत होते. रात्री त्यांना तीनतीनदा उठवावं लागलं होतं. कालथा फिरवता फिरवता उभ्या उभ्या माझा डोळा लागला असावा.

"गॅस बंद कर!" बाहेरून हे ओरडले. "तडतड थांबली. करपतील."

मी दचकून गॅस बंद केला. दाणे अगदी नेमके भाजले गेले होते, गुलाबीसर, एकही काळा नाही. अजून थोडं गेलं असतं तर खिचडीला कूट राहिलं नसतं. मी बाहेर येऊन विचारलं, "तुम्हाला तिथून ऐकू येत होतं?"

"आयुष्यभर यंत्रंच तर ऐकली," ते म्हणाले. "आवाज बदलला की कळतं. भाजताना मात्र मी वासाचीच वाट बघत बसायचो."

मी खिचडी तशीच टाकली. स्टुलावर चढून पिंप खाली काढलं, पंचा सोडला. ते बघत होते. मी म्हटलं, "उठा."

"कशाला?"

"भाजायला."

"आणि वास?"

"मी घेते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"पाकीट वाचणाऱ्यापेक्षा जास्त."

ते हसले. कितीतरी दिवसांनी. त्यांना धरून आणताना, स्टुलावर बसवताना, मला पक्कं ठाऊक होतं मी काय करतेय ते. नाक माझं लागणार म्हणजे मी तिथे उभी लागणार. आता कॉलेजच्या पलीकडे जाणं नाही, बाक नाही. माझा तास मी माझ्या हाताने पिंपात घातला.

बिया आत घातल्यावर ते दांडा धरून थांबले. "एक अट. खरं सांगायचं. ते तुझं 'छान' नको."

"बरं."

"मग आधी हे सांग. कधीपासून करपवतोय मी?"

मला सांगायचं नव्हतं. पण बरं म्हणून बसले होते. "दिवाळीपासून."

"आणि तू रोज प्यायलीस."

"प्यायले."

ते पिंपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लाव गॅस."

तेव्हापासून आमचं असं चालतं. ते दांडा फिरवतात आणि कान लावून बसतात, मी ओट्याला टेकून वास घेते. मधूनमधून ते विचारतात, "आता?" मी सांगते, ओलं गोणपाट. "आता?" भाकरी, तव्यावरची, अजून उलटायची आहे. "आता?" सुकं खोबरं भाजल्यासारखं. पाकिटावर यातलं काहीही छापलेलं नसतं, पण त्यांना कळतं. खोबरं म्हटलं की ते आच कमी करायला सांगतात. गूळ म्हटलं की मान हलवून तडतड ऐकायला लागतात. कधी आमचं भांडणही होतं. मी धूर म्हणते, ते म्हणतात शक्यच नाही, अजून दुसरी तडतड व्हायचीय. मग बिया चाळणीत ओतून दोघं एकेक बी उजेडात धरून बघतो. निम्म्या वेळा त्यांचं खरं निघतं, निम्म्या वेळा माझं. कॉफी आता कडूजहर होत नाही. मला आवडते असं अजूनही म्हणणार नाही. नणंद येऊन प्यायली आणि म्हणाली, "बरी आहे." तिच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

मी दमतेच. उलट जास्त दमते. आधी एक दिवसाआड का होईना पाय मोकळे व्हायचे, आता तेही नाही. धुराने डोळे चुरचुरतात, पाठ धरते. मुलगी म्हणते, एक मावशी ठेव दुपारची. बघतेय. दोघी येऊन गेल्या, टिकल्या नाहीत. एकीचं कॉफीच्या वासाने डोकं दुखायचं.

परवाची गोष्ट. आम्ही दुपारचे ओट्याशी होतो. बिया पिवळ्या पडून तपकिरीकडे निघाल्या होत्या. हे नेहमीप्रमाणे दांडा फिरवत होते, मान खाली, कान पिंपाकडे.

"आता?"

"भाकरी."

"आता?"

"अजून भाकरीच."

थोडा वेळ नुसता पिंपाचा खडखडाट. मग त्याच आवाजात, मान वर न करता त्यांनी विचारलं, "माझं करून करून दमलीस ना?"

'छे, काहीतरीच काय' हे शब्द माझ्या जिभेवर तयारच असतात. साताऱ्याला, लिफ्टमध्ये, फोनवर, दिवसातून कितीदा ते मी म्हणते. तोंड उघडलंही होतं. पण ओट्याशी खरं बोलायचं ठरलं होतं, आणि त्यांनी ओट्याशीच विचारलं होतं.

"हो," मी म्हटलं. "फार दमलेय."

दांडा फिरत राहिला. मला वाटलं आता ते थांबतील, रडतील, सॉरी म्हणतील, काहीतरी होईल. त्यांनी फक्त मान हलवली.

"वाटलंच मला," ते म्हणाले. "मीसुद्धा."

मग बिया तडतडायला लागल्या. जोरात. दोघांनाही ऐकू येत होत्या. गुळाचा वास आला तो मी सांगितला नाही. चुरचुर सुरू झाली ती त्यांनी सांगितली नाही. धूर झाला तेव्हा मी भानावर येऊन गॅस बंद केला.

"करपल्या," मी म्हटलं.

"असू देत."

मी दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसले.